पाण्यावरचा शंकरपट

तलाव दिसला की ढिवर जाळं काढतो, पाटबंधारे खात्याचा माणूस रजिस्टर काढतो, नागपूरचा पाहुणा मोबाइल काढतो आणि पुण्याचा माणूस सूचना काढतो. माझे साडू पुण्याचे आहेत.

चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातलं गाव. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायची जी फाटकं आहेत त्यांतलं एक इथं आहे, आणि गावाला तलाव आहे, चांगला ऐसपैस. गोंदिया जिल्ह्यात तलावांना तोटा नाही. काही कोहळी लोकांनी बांधले, काही मालगुजारांनी, काही इंग्रजांनी आणि अलीकडचे कंत्राटदारांनी. यांतले पहिले तीन प्रकार अजून पाणी धरतात.

मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांचे, दिवस होते. साडू सकाळची सफारी उरकून आले होते आणि वाघ दिसला नव्हता. वाघ न दिसलेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत धोक्याचा असतो. पैसे वसूल व्हायला त्याला दुसरं काहीतरी दिसावं लागतं. साडूंना तलाव दिसला. पाळीवर उभे राहून, टोपी काढून, त्यांनी पाण्याकडे एखाद्या मोकळ्या प्लॉटकडे पाहावं तसं पाहिलं आणि जाहीर केलं, "इथं कॅटमरानची रेगाटा झाली पाहिजे."

पाळीवर जाळं वाळत घालणारे एक काकाजी होते, दोन रिकामे गाइड होते आणि मी होतो. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एका गाइडनं विचारलं, "सर, ते शाकाहारी असते का?"

साडूंनी मुंबईच्या एका क्लबात शिडाच्या नावेचा कोर्स केलेला आहे. नाव त्यांना किती आली हे समुद्रालाच ठाऊक, पण नियम मुखोद्गत आहेत. त्यांनी काडी घेऊन पाळीच्या मातीवर दोन लांबट आकृत्या काढल्या, त्या आडव्या दांड्यांनी जोडल्या, मध्ये एक डोलकाठी उभी केली आणि तिला शीड लावलं. दोन अरुंद नावा एकमेकींना बांधलेल्या, त्यांच्यामध्ये जाळीचा पट्टा, त्यावर दोन माणसं बसलेली. वल्हं नाही, इंजिन नाही. ओढणार वारा. आणि रेगाटा म्हणजे अशा नावांच्या शर्यती. एक नव्हे, तीन-चार दिवस रोज दोन-तीन.

"म्हनजे शंकरपट," काकाजी म्हणाले.

साडूंना राग आला, पण मला हे पटलं. शंकरपटातही दोन बैल एका जुवाखाली असतात, मागं एक माणूस जीव मुठीत धरून असतो आणि काठावर त्याच्यापेक्षा जास्त कळणारे दोन हजार लोक असतात. दोन्ही खेळांत सगळी करामत जोडीची. एकाने ओढ घेतली आणि दुसरा मागे राहिला की सगळं लटांबर गोल फिरतं. कॅटमरानवर तर वाऱ्याच्या बाजूचा सांगाडा पाण्यातून वर उचलला जातो आणि नाव एका पायावर धावते. ते दिसायला सुंदर दिसतं आणि पुढच्या क्षणी उलटं दिसतं. शंकरपटावर 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली आणि मे 2023 मध्ये बदललेला कायदा मान्य करून ती वाट कायमची मोकळी केली. आता पटात बैलाला काठी, चाबूक, पुराणी काही चालत नाही. रेगाटातही हाच कायदा आहे, फक्त बैलाच्या जागी शीड आहे. शीड पुन्हापुन्हा पंख्यासारखं हलवून नाव पुढं ढकलायची नाही, अंग हिसडून नाव झुलवायची नाही, सुकाणू वल्ह्यासारखं मारायचं नाही. नाव वाऱ्याने चालली पाहिजे. तुम्ही फक्त वाऱ्याच्या मर्जीत राहायचं.

"आन् हवा नसली त?" काकाजींनी विचारलं.

"मग थांबायचं."

"बसून?"

"बसून."

काकाजींनी जाळ्याची गाठ सोडवता सोडवता मान हलवली. त्यांचा डोंगा हाताने चालतो. वाऱ्याची वाट पाहत बसणाऱ्याला त्यांच्याकडे दुसरा शब्द आहे, तो इथं छापता येणार नाही.

साडूंच्या मोबाइलमध्ये नियमांचं पुस्तक होतं. वर्ल्ड सेलिंग नावाची जागतिक संघटना ते काढते आणि दर चार वर्षांनी, ऑलिंपिक उरकलं की, त्याची नवी आवृत्ती येते. सध्या 2025 ते 2028 ची चालू आहे. मी ते पुस्तक त्या दिवशी आणि नंतरही बरंच चाळलं. माझं प्रामाणिक मत असं झालं की वरवर शर्यतीचं दिसत असलं तरी हे पुस्तक मुळात भांडणाचं आहे. शर्यत कशी लावावी याला थोडी पानं, आणि माणसं कुठं, कशी, कशावरून हातघाईवर येतील याचा अंदाज घेण्यात बाकीची सगळी. गोऱ्या लोकांनी इतक्या दूरदृष्टीने आमच्या भावकीचा अभ्यास केलेला असेल याची मला कल्पना नव्हती.

सुरुवात पाहा. पळण्याच्या शर्यतीत सगळे रेषेवर उभे राहतात. पाण्यात उभं राहता येत नाही, म्हणून नावा रेषेमागे घिरट्या घालत राहतात आणि वेळेला रेषेवर पोहोचायचा प्रयत्न करतात. पाच मिनिटं आधी एक झेंडा चढतो, चार मिनिटं आधी दुसरा, एक मिनिट उरलं की दुसरा उतरतो आणि शून्याला पहिला उतरतो. प्रत्येक झेंड्याबरोबर भोंगा किंवा बार असतोच, पण नियम म्हणतो की वेळ झेंड्यावरूनच धरायची; आवाज आला नाही तर त्याकडे दुर्लक्ष करायचं. हे कलम आमच्याकडे टिकणं कठीण. आमच्याकडे कार्यक्रम सुरू झाला हे आवाजावरूनच कळतं. मंडईत तंबूचं नाटक रात्री दहाला सुरू होणार असं स्पीकर संध्याकाळी सहापासून सांगत असतो. पडदा उघडतो बाराला, आणि त्यात कोणालाही काही वावगं वाटत नाही.

त्यात उद्घाटक. शून्याला झेंडा उतरायचा म्हणजे उतरायचाच, असं पुस्तक म्हणतं. आता प्रमुख पाहुणे गोंदियाहून निघालेत, तिरोड्यात एक सांत्वन आणि एक बारसं करून येणार आहेत, आणि इकडे पाच मिनिटांचा झेंडा चढलेला. काय कराल? मी हे साडूंना खोचकपणे विचारलं. ते तयारच होते. तहकुबीचाही झेंडा असतो म्हणाले: लांबुळका, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. तो चढवला की शर्यत लांबली. तो उतरवला की एका मिनिटानं पुन्हा पाच मिनिटांचा झेंडा. त्याच्याखाली आणखी एक झेंडा लावला की आज काही होत नाही, घरी जा. उशिरासाठी राजमान्य, सुंदर, दोन रंगांचा झेंडा! मला क्षणभर भरून आलं. आपल्याकडे उशीर आहे पण त्याला झेंडा नाही, म्हणून आपल्याला लोक बेशिस्त म्हणतात.

गाइडला काळ्या झेंड्याची गंमत वाटली. सुरुवातीच्या शेवटच्या मिनिटात लोक फार पुढे घुसू लागले, सगळ्यांनाच परत बोलवावं लागलं, की समिती वैतागून पुढच्या वेळी काळा झेंडा लावते. मग त्या शेवटच्या मिनिटात जो रेषेच्या पुढे सापडला तो सुनावणीशिवाय बाद. आमच्याकडे काळे झेंडे लोक दाखवतात आणि मंत्री बाद होत नाहीत. तिकडं समिती दाखवते आणि लोक बाद होतात. गाइड म्हणाला, "सर, दोन्हीकडचे काळे झेंडे एकाच दुकानातून आणले त चालन का?" साडू म्हणाले, आकार मोठा हवा.

रस्त्यावरचे नियम ज्याला कळले नाहीत त्याला पाण्यावरचे कळतील का, हा माझा जुना प्रश्न आहे. पाण्यावर मूळ नियम असा: ज्याच्या उजव्या अंगाने वारा येतो त्याला मान. डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याने बाजूला व्हायचं. दोघांचा वारा एकाच अंगाचा असेल तर वाऱ्याकडची नाव बाजूला होणार. मागचा पुढच्याला सांभाळणार. आणि मान असलेल्यानेही धडक टाळायचीच. नियम माझ्या बाजूचा आहे म्हणून मी आपटलो, असं म्हणता येत नाही. हे कलम मी दोनदा वाचलं. आमच्या चौकात बळी तो कान पिळी, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तर कानही नसतात. उजव्या अंगाच्या वाऱ्याचा नावाडी लांबून "स्टारबोर्ड!" असं ओरडतो आणि डाव्या अंगाचा निमूट वळतो. चोरखमाऱ्यात हे चालायचं तर आधी "तू कोणाचा?" हा प्रश्न सुटला पाहिजे.

खरी पंचाईत म्हशींची झाली.

दुपारी म्हशी तलावात उतरल्या, नेहमीसारख्या, कोणालाही न विचारता. साडूंनी वाऱ्याच्या दिशेची खूण जिथं टाकायची ठरवली होती, बरोबर तिथं जाऊन त्या बसल्या. पुस्तकात 'अडथळा' या गोष्टीची व्याख्या आहे: सरळ त्याच्या रोखाने जात असताना नाव तिच्या एका लांबीइतकी जवळ आली की ज्याला चुकवायला वाट चांगलीच बदलावी लागते, तो अडथळा. म्हैस यात बसते, अंगापिंडाने आणि स्वभावानेही. पण पुढं एक मेख आहे. सलग अडथळा म्हणजे किनारा वगैरे, ज्याच्या कडेने नावेला निदान तीन नावांच्या लांबीइतकं जावं लागतं. त्याचे नियम वेगळे. आणि चालतं जहाज कधीही सलग अडथळा धरायचं नाही. आता वीस म्हशी एका रांगेत बसल्या तर सलग. त्याच वीस म्हशी उठून चालू लागल्या तर? पोहणारी म्हैस हे चालतं जहाज आहे का? साडू म्हणाले, जहाज म्हणजे माणसं वाहणारं. काकाजींनी समोर बोट दाखवलं. एका म्हशीच्या पाठीवर पोरगा बसला होता आणि ती चालली होती.

साडूंनी मोबाइल खिशात ठेवला आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी त्यांना मुंबईची आठवण काढायला लावली, कारण त्यांचा उत्साह टिकणं मला गरजेचं होतं. जेवणाला अजून अवकाश होता. मुंबईत हे सगळं शतकापेक्षा जास्त काळ चाललेलं आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा. गेटवेच्या समोरच्या बंदरात हिवाळाभर शिडं फिरताना दिसतात आणि पावसाळा आला की आवरतात. 1982 चे आशियाई खेळ दिल्लीचे म्हणून आपल्या लक्षात आहेत, पण त्यांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं फायरबॉल प्रकारात तिथं सुवर्णपदक मिळवलं. अप्पू हत्तीच्या गोंधळात ही बातमी आमच्या गोंदियापर्यंत पोहोचली नसावी. मुंबईला एक सोय आहे. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा नोकरीवर यावा तसा वेळेवर येतो. आयोजकांना वेळापत्रक छापता येतं. आमच्याकडे समुद्र शेकडो किलोमीटरवर. हिवाळ्याच्या सकाळी चोरखमाऱ्याचं पाणी इतकं स्तब्ध असतं की पलीकडच्या काठावरचं साजाचं झाड पाण्यात पानापानासकट दिसतं. फोटोसाठी हे उत्तम, शर्यतीसाठी शून्य. आणि उन्हाळ्यात वारा असतो, पण तो भट्टीचा, आणि तोवर तलावातलं पाणी धानाला देऊन झालेलं असतं. यावरही पुस्तकात तोड आहे. शर्यत चालू असताना नाव ओढून बाहेर काढायची नाही, बांधायची नाही. पण नांगर टाकता येतो, आणि नावाड्यांना तळाला पाय टेकून उभं राहता येतं. म्हणजे मे महिन्यात चोरखमारा चषकाचे सगळे स्पर्धक नियमाला धरून गुडघाभर चिखलात उभे आहेत, नावा धरून, आणि वाऱ्याची वाट पाहताहेत. हे दृश्य पाहायला मी तिकीट काढीन.

आता दंडाची गोष्ट. या खेळात नेहमीच्या शर्यतीत शिट्टी मारणारा पंच बहुधा पाण्यावर नसतोच. तुम्ही दुसऱ्याच्या वाटेत आलात, ते तुम्हाला कळलं, तर तुम्ही आपणहून बाजूला जायचं आणि नाव गरागरा दोनदा फिरवायची. खुणेच्या फुग्याला नुसतं अंग लागलं तर एकदा. कोणी पाहिलं नसेल तरी. हे पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे: नियम मोडला की खेळाडूने स्वतःहून दंड घ्यावा. पाळीवर हे सांगितल्यावर पहिल्यांदाच सगळे गंभीर झाले. म्हशी, काळे झेंडे, वारा नसणं हे सगळं त्यांना समजण्यासारखं होतं. हे नव्हतं.

"कोनी पायलं नाई तरी?" गाइडनं पुन्हा खात्री केली.

"तरी."

"मंग लोक खरंच फिरवतेत?"

साडू म्हणाले, बरेच जण फिरवतात. आणि जे फिरवत नाहीत त्यांच्यासाठी तक्रार आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने लगेच "प्रोटेस्ट!" असं ओरडायचं. सहा मीटर किंवा त्याहून लांब नाव असेल तर लाल झेंडाही फडकवायचा. आमच्या मनातली कॅटमरान होबी 16, होबी ऑल्टर नावाच्या कॅलिफोर्नियाच्या माणसाने काढलेली, जेमतेम पाच मीटर लांब. तिला झेंड्याची सूट आहे, नुसतं तोंड पुरतं. मग काठावर येऊन लेखी अर्ज, मुदतीच्या आत. मग समितीपुढं सुनावणी, दोन्ही पक्ष समोरासमोर, साक्षीपुरावे, टेबलावर चमच्यांच्या आणि काडेपेट्यांच्या नावा करून "मी इथं होतो, हा तिथं होता" असा देखावा. मग लेखी निकाल. त्यावर अपील.

इथं पाळीवर एकदम जान आली. हे सगळ्यांना पाठ होतं. 2007 साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली आणि गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या, त्यांचे अध्यक्ष झाले, अध्यक्षपदावरून तंटे झाले. बांधावरून, बकरीवरून, पळून जाऊन केलेल्या लग्नावरून दोन्ही पक्षांना समोर बसवून मिटवायची सवय या मुलखाला आहे. दुसरा गाइड म्हणाला, समितीची काळजीच नका करू, दोन तासांत उभी करून देतो, नावा तेवढ्या तुम्ही आणा. मला वाटतं, त्याने रेगाटाचं मर्म साडूंच्या आधी ओळखलं होतं.

आणि जगाच्या पाठीवरचे मोठे लोकही काही फार निराळे नाहीत. अमेरिका चषक म्हणजे या खेळातला सगळ्यांत जुना मान, 1851 पासूनचा. 1988 च्या सामन्यासाठी न्यूझीलंडच्या मायकल फे यांनी चषकाच्या जुन्या देणगीपत्रातलं कलम काढून प्रचंड मोठी नाव बांधून आव्हान दिलं. तेव्हा चषक ज्यांच्याकडे होता त्या सॅन दिएगोच्या लोकांनी ते कलम आणखी बारकाईनं वाचलं आणि त्यांना दिसलं की नाव एकाच सांगाड्याची हवी असं कुठं म्हटलेलंच नाही. त्यांनी कॅटमरान आणली. त्यांचा नावाडी डेनिस कॉनर तिच्यावर बसला आणि दोन्ही शर्यती आरामात जिंकला. न्यूझीलंडवाले न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले. एका न्यायाधीशांनी चषक त्यांना दिला, वरच्या कोर्टानं परत काढून घेतला, आणि शेवटचा निकाल 1990 साली सॅन दिएगोच्या बाजूनं लागला. शर्यतीला दोन दिवस, निकालाला दोन वर्षं. जमिनीच्या वादासारखा वाद पाण्यावर करून दाखवला त्यांनी.

2013 ची गोष्ट तर काकाजींना फारच आवडली. सॅन फ्रान्सिस्कोला बहात्तर फुटी कॅटमरान होत्या. ओरॅकल नावाच्या अमेरिकी संघाच्या माणसांनी आधीच्या मालिकेत लहान नावांत गुपचूप जादा वजन भरल्याचं उघड झालं, आणि पंचांनी मुख्य सामना सुरू व्हायच्या आधीच त्यांचे दोन गुण कापले. म्हणजे उणे दोनपासून सुरुवात. मग ते आठ-एक असे मागं पडले, आणि तिथून एकामागून एक शर्यत जिंकत नऊ-आठने चषक राखला. काकाजी म्हणाले, "वजन भरून का फायदा? बैलाले वजन जास्त त बैल हरते." साडूंनी समजावलं की हलकी नाव जोराच्या वाऱ्यात उलटते. काकाजींना ते पटलं नाही, पण चोरीसाठी दंड झाला आणि तरी जिंकले, यात त्यांना काहीतरी ओळखीचं वाटलं असावं. ते बराच वेळ हसत होते.

वजनावरून आठवलं. होबी 16 वर दोघांचं मिळून निदान 129 किलो वजन लागतं. कमी भरलं तर बाकीचं वजन नावेत घेऊन बसावं लागतं. साडूंच्या मते नवरा-बायकोच्या गटाला हा नियम छान. लग्नाला पाच वर्षं झालेली कुठलीही मराठी जोडी तो तराजूकडे न बघता पाळते. 2016 पासून ऑलिंपिकमध्ये नाक्रा 17 नावाची कॅटमरान आहे, तिच्यावर तर एक पुरुष आणि एक बाई असावीच लागते. पहिल्याच वेळी, रिओला, सुवर्णपदक मिळालं ते अर्जेंटिनाच्या सांतियागो लांगे आणि सेसिलिया करांझा यांना. लांगे तेव्हा चौपन्न वर्षांचे होते, आदल्या वर्षी फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आणि शेवटच्या शर्यतीत दंडाची फेरी मारूनही एकूण गुणांत ते पहिले आले. हे ऐकून साडू सरसावले. ते बावन्न आहेत. मी त्यांना हळूच विचारलं, सुकाणू कोणाच्या हातात राहणार? डबा घेऊन आलेल्या साळीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, पोळी काढता काढता मान वर केली, आणि साडूंनी विषय गुणांवर नेला.

गुणांचा हिशेबही उलटा. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे सगळ्यांत कमी तो विजेता. बाद झालेल्याला, न पोहोचलेल्याला, न आलेल्याला एकूण नावांपेक्षा एक जास्त. आणि साधारणपणे प्रत्येकाची एक सगळ्यांत वाईट शर्यत हिशेबातून वगळतात. गाइडचा पोरगा दहावीला आहे. गाइड म्हणाला, हा नियम बोर्डाला कळवा ना कोणीतरी.

मग परवानग्यांचा विषय निघाला आणि तिथं साडूंचं घोडं पेंड खाऊ लागलं. अशा तलावाचं एकच कोणी मालक असत नाही. पाणी पाटबंधारेचं, मासे मच्छीमार सोसायटीचे, झाडी वनखात्याची, पाळीवरून जाणारी वाट ग्रामपंचायतीची, आणि जंगल व्याघ्र प्रकल्पाचं. नवेगाव-नागझिरा 2013 साली झाला. तिथं भोंगा वाजवायचा म्हणजे आधी वाघाची हरकत मागवावी लागणार. नागझिऱ्याचा जय वाघ इथून निघून थेट उमरेड-कऱ्हांडल्याला गेला होता, शंभरेक किलोमीटर, कोणाचीही परवानगी न घेता, शिट्टी नाही की झेंडा नाही. त्याच्या वंशातला एखादा संध्याकाळी पाणी प्यायला खुणेपाशी आला तर? साडूंनी पुस्तक पुन्हा उघडलं. त्यात स्पष्ट आहे: शर्यतीत उतरायचं की नाही, चालू ठेवायची की नाही, ही जबाबदारी सर्वस्वी त्या त्या नावेची. समितीची नाही. हे कलम वाचून दोन्ही गाइडना फार हायसं वाटलं. वनखात्याच्या फाटकावर लागलेल्या पाटीची इंग्रजी आवृत्तीच जणू.

कचऱ्याचंही एक कलम आहे: पाण्यात असताना मुद्दाम कचरा टाकायचा नाही, शर्यत असो नसो. इतक्या पानांत हे एकच मला असं वाटलं की चोरखमाऱ्यासाठी वेगळं छापून घ्यावं, आणि ते शर्यतवाल्यांसाठी नव्हे, काठावर डबे खाणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी.

जेवणं झाल्यावर काकाजी मुद्द्यावर आले. जिंकणाऱ्याला काय मिळतं? चषक, साडू म्हणाले. शंकरपटात मोटरसायकल मिळते, काकाजी म्हणाले. इतक्या लांबून नाव आणायची, बायकोला बसवायचं, म्हशी चुकवायच्या, स्वतःच स्वतःला गिरक्या मारायच्या, आणि मिळणार तांब्या? साडूंनी प्रतिष्ठेचा मुद्दा मांडला. तो पाळीवर कोणी उचलून धरला नाही. मग तडजोड निघाली. मोटरसायकल ठेवायची, आणि ती बक्षीस समारंभाला पलीकडच्या काठावरून दोन डोंगे एकत्र बांधून त्यावरून आणायची. गडचिरोलीकडे नदी ओलांडायला लोक असंच करतात, काकाजी म्हणाले, दोन डोंगे, वर फळ्या, फळ्यांवर गाडी. साडू दोन मिनिटं गप्प राहिले. त्यांच्या लक्षात आलं असावं की क्लबात ज्याची एवढी फी भरली ते इथल्या लोकांना फुकट येतं, शीड तेवढं सोडून.

"एक आखरी," काकाजी म्हणाले. "जो बाद झाला, त्याले जेवन हाय का?"

साडूंनी मोबाइल काढला. वर-खाली सरकवला. शोधलं. वर्ल्ड सेलिंगनं एवढा सगळा विचार केला होता, पण याचा नव्हता.

"नाई ना?" काकाजींनी जाळं खांद्यावर टाकलं. "मंग लिवून घ्या. नाई त कोनी गिरकी मारनार नाई."

साडूंनी लिहून घेतलं.